साक्षीदार एकच, आणि तोच मारेकरी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या 'माय लास्ट डचेस' या कवितेवर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात एका इंग्रजी कवितेला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला, पण लेख वाचून संपवला तेव्हा मी फार अस्वस्थ होते. लेखकाने कवितेतल्या डचेसला, म्हणजे ड्यूक या संस्थानिकाच्या बायकोला, 'स्वभावाने चंचल' आणि 'घराण्याच्या इभ्रतीची जाण नसलेली' ठरवलं आहे. ड्यूक मात्र त्यांना 'प्रेमापोटी मत्सराने आंधळा झालेला नवरा' वाटतो. बार्शीला महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत ही कविता शिकवली. मुलांच्या हातातल्या गाइडांमध्ये हेच छापलेलं असायचं, आणि 'डचेसचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न परीक्षेतही यायचा. हा समज इतका मुरलेला आहे म्हणूनच सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, तरी काटछाट न करता छापावं अशी विनंती.

माझं म्हणणं एवढंच आहे: त्या बाईबद्दल आपल्याला जे काही कळतं ते सगळं तिचा जीव घेणाऱ्याच्या तोंडून कळतं. तिला स्वतःचा एकही शब्द कवितेत नाही. तिच्या बाजूने बोलायला आई नाही, दासी नाही, कुणीच नाही. अशा साक्षीवर आपण तिचं चारित्र्य ठरवायचं का?

ज्यांनी कविता वाचलेली नाही त्यांच्यासाठी प्रसंग सांगते. इटलीतलं फेरारा. ड्यूकच्या वाड्यात वरच्या मजल्यावर भिंतीवर एक तसबीर आहे, तिच्यावर पडदा आहे. एका काउंटच्या (सरदाराच्या) मुलीशी ड्यूकचं लग्न ठरतं आहे आणि त्या काउंटचा माणूस बोलणी करायला आला आहे. ड्यूक पडदा सरकवतो, पाहुण्याला बसवतो आणि सांगू लागतो की ही माझी मागची डचेस, पाहा कशी जिवंत असल्यासारखी दिसते. पडदा माझ्याखेरीज कुणी सरकवत नाही, हेही तो तिथल्या तिथे सांगून टाकतो. जिवंतपणी तिचं हसू कुणाकुणाकडे जाईल यावर त्याचा ताबा नव्हता. आता तिने कुणाकडे पाहायचं हे पडद्याच्या दोरीवर ठरतं आणि दोरी त्याच्या हातात आहे.

मग तो तिचे अपराध मोजतो. ते अपराध एकदा नीट वाचा, एवढीच माझी लेखकांना विनंती आहे. त्याने दिलेला दागिना ती छातीवर मिरवायची, आणि तो पाहून जेवढी खूश व्हायची तेवढीच मावळता सूर्य पाहूनही व्हायची. बागेतल्या कुणा पुढे-पुढे करणाऱ्याने चेरीची फांदी तोडून आणून दिली की तेवढीच खूश. पांढऱ्या खेचरावर बसून गच्चीवर फेरी मारताना तेवढीच खूश. लोकांचे आभार मानायची. पुरुषांचे आभार मानायची, यावर तो किंचित अडखळतो आणि म्हणतो, ठीक आहे, पण अशा रीतीने मानायची की जणू माझं नऊशे वर्षांचं नाव आणि कुणाही ऐऱ्यागैऱ्याची भेट एकाच मोलाची. बस. आरोपपत्र इथे संपतं. कुणाशी संबंध नाही, चोरटी चिठ्ठी नाही, कुणाला भेटायला गेली असं नाही. ज्याला तिला दोषी ठरवायचंच आहे त्याला एवढं बोलूनही यापलीकडे काही सापडलेलं नाही.

चित्रकाराचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. फ्रा पान्डोल्फ हा साधू चित्रकार तिचं चित्र काढत होता आणि तिच्या गालावर आनंदाची लाली चढली, हा ड्यूकच्या मनात रुतलेला काटा. पण चित्रकार तिला नक्की काय म्हणाला? ड्यूकला ते ठाऊकच नाही. तो म्हणतो, 'कदाचित' फ्रा पान्डोल्फ सहज म्हणाला असेल की बाईसाहेबांची शाल मनगटावर जरा जास्तच आली आहे, किंवा गळ्यावर विरत जाणारी ती अर्धवट लाली रंगात उतरवणं कुणालाच जमायचं नाही. ही दोन्ही वाक्यं ड्यूकने स्वतः रचलेली आहेत. मनातल्या मनात दुसऱ्या पुरुषाच्या तोंडी बोल घालायचे, त्या बोलांनी बायको लाजली असेल असं धरून चालायचं आणि मग त्या लाजण्याची शिक्षा तिला द्यायची! संशय म्हणजे काय, हे माझ्या वाचनात इतक्या थोडक्यात कुणी दाखवलेलं नाही.

पण हा निव्वळ मत्सर आहे का? माझ्या मते नाही, आणि लेखाशी माझा खरा मतभेद इथे आहे. मत्सरी नवरा भांडतो, जाब विचारतो, रडतो, पाय धरतो, हातही उगारतो. त्यात क्रौर्य असतं, पण समोरच्या माणसाकडून काहीतरी हवं असतं. हा ड्यूक तिच्याशी बोललेलाच नाही. तो म्हणतो, मला बोलण्याची कला नाही. छप्पन ओळी समोरच्याला तोंड उघडू न देता जो बोलतो, तो हे सांगतो. पुढे तो म्हणतो, समजा ती कला असती आणि 'तुझं हे मला आवडत नाही, इथे तू कमी पडतेस, तिथे तुझं जास्त होतं' असं तिला सांगता आलं असतं. समजा तिने वाद न घालता, सबबी न सांगता ते निमूट ऐकूनही घेतलं असतं. तरीसुद्धा ते सांगणं म्हणजे मला खाली वाकणं झालं असतं, आणि मी कधीही वाकत नाही.

ही ओळ मी वर्गात दोनदा वाचायला लावायची. कारण तिचा अर्थ असा की डचेसला सुटकेची वाटच नव्हती. ती बदलली असती, त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागली असती, तरी उपयोग नव्हता, कारण काय चुकतं आहे ते तिला सांगणं हाच त्याला कमीपणा वाटत होता. ज्या गुन्ह्याची तिला कल्पनाही दिली गेली नाही त्या गुन्ह्यासाठी ती गेली. 'मी हुकूम दिले. मग सगळी हसणी एकदमच थांबली.' यापलीकडे तो काही सांगत नाही आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळतो. हुकूम कसले होते, असं पुढे ब्राउनिंगला कुणी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की तिला ठार मारावं असे. आणि मग म्हणाला, किंवा तिला मठात कोंडलंही असेल. कवीनेही ते थोडं उघडंच ठेवलं. ड्यूकला स्वतः काही करावं लागलेलं नाही, हे मात्र पक्कं. त्याच्या हाताखाली माणसं आहेत.

कवितेची घडणही याच माणसासारखी आहे. दोन-दोन ओळींची यमकं सुरुवातीपासून शेवटपर्यंत काटेकोर जुळलेली आहेत, अठ्ठावीस जोड्या. पण मोठ्याने वाचताना ती कानाला जाणवत नाहीत, कारण वाक्य ओळीच्या शेवटी थांबत नाही, ओलांडून पुढे जातं. फळ्यावर शेवटचे शब्द अधोरेखित केले की मुलं चकित व्हायची. वरून सहज, घरगुती बोलणं आणि आत इतकी करकचून बांधलेली शिस्त. हा माणूस ओरडत नाही. 'बसता ना?' 'उठायचं का?' अशी त्याची भाषा आहे. त्याची भीती वाटते ती या अदबीमुळे.

आमच्या वर्गात वैरागहून एसटीने येणारी एक मुलगी होती. फारशी बोलायची नाही. खेचराची ओळ झाली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, ती गच्चीवरच का फिरते? तिला बाहेर जाऊ देत नव्हते का?" मी ही कविता तेव्हा बरीच वर्षं शिकवत होते आणि कुठल्याही टीकाग्रंथात मला हा प्रश्न भेटला नव्हता. पुन्हा वाचून पाहिलं. खरंच, तिचे सगळे आनंद वाड्याच्या आवारातले आहेत. गच्ची, बाग, पश्चिमेला मावळणारा दिवस, अंगावरचा एक दागिना. एवढ्याशा जागेत तिला आनंद मानायला शिकावं लागलं होतं, आणि तेवढ्यावर ती आनंदी राहिली हाच ड्यूकच्या लेखी तिचा अपराध ठरला. त्या मुलीच्या प्रश्नानंतर 'डचेस चंचल होती' हे वाक्य मी कुणाच्याही उत्तरपत्रिकेत निमूट सोडलं नाही.

आता इतिहासाबद्दल. ब्राउनिंगने कवितेत ड्यूकचं किंवा डचेसचं नाव घेतलेलं नाही, शीर्षकाखाली फक्त 'फेरारा' असं लिहिलं. तरी अभ्यासक बहुतेक एकमताने सांगतात की डोळ्यांसमोर अल्फोन्सो दुसरा, द'एस्ते घराण्याचा ड्यूक, आणि त्याची पहिली बायको लुक्रेझिया दे मेदिची असावी. फ्लॉरेन्सच्या कोसिमो मेदिचीची ही मुलगी १५४५ साली जन्मली. अल्फोन्सोशी आधी तिची थोरली बहीण मारिया देऊ केली होती. ती वारली म्हणून तिच्या जागी लुक्रेझिया उभी राहिली. १५५८ साली लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. लग्नानंतर लगेचच नवरा फ्रान्सला निघून गेला, ती माहेरी राहिली, १५६० साली फेराराला नांदायला आली आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये गेली. वय सोळा. विष घातल्याची कुजबुज तेव्हाच सुरू झाली. आजचे इतिहासकार क्षयाची शक्यता जास्त मानतात. म्हणजे खऱ्या अल्फोन्सोने खून केला असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हणूही नये. पण ज्या मुलीला आपण 'इभ्रतीची जाण नसलेली' म्हणतो तिच्यामागे उभी असलेली मुलगी आज आपल्याकडे दहावी-अकरावीत असती, एवढं तरी लक्षात ठेवावं. अल्फोन्सोने पुढे आणखी दोन लग्नं केली, मूल झालं नाही, आणि १५९७ साली तो वारल्यावर फेरारा पोपच्या ताब्यात गेलं.

लेखात ब्राउनिंगच्या दुसऱ्या एका कवितेचा उल्लेखही नाही, याची मला चुटपुट लागली. 'पॉर्फिरियाज लव्हर' ही कविता त्याने याच्या काही वर्षं आधी, १८३६ साली छापली होती. तिथे वादळी रात्री प्रेयसी स्वतः प्रियकराच्या झोपडीत येते. शेकोटी पेटवते, ओले कपडे काढून ठेवते, त्याला जवळ घेते. मोठ्या घरची आहे, मेजवानी सोडून आली आहे. या क्षणी ती पूर्णपणे माझी आहे असं त्याला वाटतं, आणि तो क्षण कायमचा धरून ठेवण्यासाठी तो तिचेच लांब पिवळे केस तिच्या गळ्याभोवती गुंडाळून तिला मारतो. मग रात्रभर तिचं डोकं खांद्यावर घेऊन बसतो आणि म्हणतो, देव अजून एक शब्दही बोललेला नाही.

या दोन कविता शेजारी ठेवून शिकवल्या की बराच घोळ निवळतो. झोपडीतल्या माणसाकडे सत्ता नाही, त्याला स्वतःच्या हाताने मारावं लागतं. ड्यूकचं काम हुकमाने होतं आणि तो खाली पाहुण्यांत जायला मोकळा. एक वेडा म्हणावा असा, दुसरा पूर्ण शहाणा, हुंड्याचा व्यवहार नीट करणारा. पण दोघांनाही हवी ती एकच गोष्ट: जिवंत बाई, जी हलते, बोलते, दुसऱ्याकडे पाहते, ती नको, न हलणारी हवी, जिला आपण आपली म्हणू शकू. ब्राउनिंगने 'माय लास्ट डचेस' १८४२ साली छापली तेव्हा तो तीस वर्षांचा होता. इतक्या तरुण माणसाला हे दिसलं याचं मला आजही नवल वाटतं.

आणि हे फक्त सोळाव्या शतकातल्या इटलीचं दुखणं होतं असंही नाही. कविता छापली गेली त्या वर्षी इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची कमाई आणि बहुतेक मालमत्ता कायद्यानेच नवऱ्याची होती. ती पुरतेपणी तिची व्हायला १८८२ साल उजाडलं. १८५७च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा टाकून जाणं अशी आणखी भर दाखवावी लागे. नवरा-बायकोच्या हक्कांबद्दलचं इंग्रजी कायद्यातलं तत्त्वही समुद्र ओलांडून मुंबईत आलं. रखमाबाईंचं प्रकरण आपल्या वाचकांना ठाऊक आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली ही मुलगी मोठी झाल्यावर नांदायला गेली नाही, तेव्हा १८८४ साली नवऱ्याने हक्काचा दावा लावला, तो आपल्या शास्त्रातून नव्हे तर इंग्रजी कायद्यातून आलेल्या तत्त्वावर. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि १८८७ साली तिला सांगण्यात आलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. अशा नकारासाठी तुरुंग देण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच काढून टाकली होती! रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. त्यांचं म्हणणं जगापुढे आलं ते कसं, तर त्यांनी 'ए हिंदू लेडी' या सहीने वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रांमुळे. संपादकांनी ती पत्रं छापली म्हणून. डचेसला ही सोय नव्हती.

संपादक महाशय, इथे मी आपल्याशीही बोलते आहे. ज्या आठवड्यात हा लेख आला त्याच आठवड्यात आपल्या आतल्या पानावर 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' अशा मथळ्याची बातमी होती. असा मथळा आपल्याकडे, आणि सगळ्याच मराठी वृत्तपत्रांत, वरचेवर असतो. बातमी वाचली तर संशय कुणाचा, कशावरून, याचा आधार एकच असतो: पकडलेल्या नवऱ्याने पोलिसांना काय सांगितलं. तिच्या आईने काय सांगितलं, शेजारणीने काय पाहिलं, तिने आधी कधी तक्रार दिली होती का, यातलं काही नसतं. वाचणाऱ्याच्या मनात मात्र मेलेल्या बाईबद्दल एक शंका कायमची राहून जाते. काउंटच्या दूतासारखे आपण बाकावर बसतो, ऐकतो, आणि तिच्याबद्दलचं मत घेऊन उठतो.

तो दूत काय करतो, हा मुलांचा आवडता वादाचा विषय. कवितेच्या शेवटी ड्यूक त्याला म्हणतो, नाही, आपण बरोबरच खाली जाऊ. काही अभ्यासकांच्या मते दूत घाबरून पुढे निघाला होता म्हणून ड्यूकने असं म्हटलं. मला ते पटतं. पण तो आपल्या मालकाला जाऊन काय सांगतो, त्या नव्या मुलीचं लग्न मोडतं की होतं, हे कविता सांगत नाही. जाता जाता ड्यूक त्याला नेपच्यूनचा काशाचा पुतळा दाखवतो, समुद्रातल्या घोड्याला वठणीवर आणणारा, इन्सब्रुकच्या क्लाउसने खास माझ्यासाठी घडवलेला, म्हणतो. तसबीर आणि पुतळा दोन्ही दाखवून झाले. हुंड्याचं बोलून झालं. काउंटची मुलगी हेच माझं उद्दिष्ट आहे हेही सांगून झालं. पुढची सगळी जबाबदारी ऐकणाऱ्यावर आहे.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या. पहिली, गुन्हेवार्ता लिहिणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना सांगावं की खुनाचं कारण जर फक्त आरोपीच्या जबाबातून आलेलं असेल तर ते मथळ्यात घेऊ नये. बातमीत 'आरोपीचा दावा' म्हणून द्यावं, आणि मृत स्त्रीच्या माहेरच्यांशी बोलल्याशिवाय तिच्या वागण्याबद्दल एक ओळही छापू नये. दुसरी, पुरवणीच्या संपादकांनी ही कविता चांगल्या मराठी गद्य अनुवादासह पूर्ण छापावी. छप्पन ओळींना जागा फार लागत नाही. वाचकांनी ड्यूकचं बोलणं स्वतः ऐकावं आणि डचेस चंचल होती का ते स्वतः ठरवावं. अनुवादासाठी कुणी मिळत नसेल तर मी करून द्यायला तयार आहे, मानधन नको.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (इंग्रजी),
बार्शी, जि. सोलापूर